कलेने पोट भरेल काय ?



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी करपद्धती, वाहतूक, गोदामे, बाजारभाव इत्यादी विषयांवर जाणकारांचे लेख येतात व ते उपयुक्तही असतात. आमचे शिक्षण एस. एस. एल. सी.च्या पलीकडे गेले नाही. आयुष्य गेले ते ज्वारी, गहू, हरभरा आणि तूर यांची पोती मोजण्यात. असे असता आम्ही यंदा कलेविषयी लिहावयास बसलो, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी आमच्या हातून एक गोष्ट घडली आणि तिने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. ती प्रथम सांगतो व मग आमचे मत मांडतो.

गुळाचा व्यापार करणारे आमचे एक जुने स्नेही एका सायंकाळी पेढीवर आले. बरोबर त्यांची धाकटी कन्या होती. मुलगी पी. यू. सी.ला विज्ञान घेऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. घरच्यांच्या मनात तिला अभियांत्रिकीला घालावयाचे, आणि तिचा सारा ओढा चित्रकलेकडे. घरात महिनाभर वाद चालला होता. स्नेही म्हणाले, "अण्णा, तुम्ही वडीलधारे आहात. तुम्ही सांगाल ते ती ऐकेल." आपण सारेच अशा वेळी जे सांगतो, तेच आम्ही फारसा विचार न करता सांगितले, "बाळ, कला चांगलीच आहे. छंद म्हणून जरूर जोपास. पण कलेने पोट भरेल काय?" मुलगी काही बोलली नाही. नमस्कार करून वडिलांबरोबर निघून गेली.

त्या रात्री रोजकीर्द लिहून झाली आणि आमची दृष्टी समोरच्या भिंतीकडे गेली. तेथे आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या विवाहाची पत्रिका चौकटीत लावलेली आहे. तिच्या कडेने जी वेलबुट्टी आहे ती आमच्या मातोश्रींच्या हातच्या रांगोळीची. मातोश्री आता नाहीत. त्यांची रांगोळीची जुनी वही या मुलीने आमच्या घरी दोन दुपारी बसून न्याहाळली, ठिपके मोजले आणि त्यातून ती वेल उभी केली. पत्रिका ज्याच्या त्याच्या हाती गेली तो तो म्हणाला, "अण्णा, अशी पत्रिका पाहिली नाही."

आम्ही लग्नखर्चाची वही काढली. कागदाचे पैसे लिहिलेले, छपाईचे लिहिलेले, पाकिटांचे, टपालाचे, एवढेच काय, पाकिटे चिकटविणाऱ्या पोराला दिलेल्या चहापाण्याचे ६० रुपयेही लिहिलेले. चित्राच्या नावे मात्र एक ओळ नव्हती. त्या मुलीला आम्ही श्रीफळ व पेढ्यांचा पुडा दिला होता, आणि तो पुडाही लग्नासाठी आणलेल्या पेढ्यांतलाच.

कलेने पोट भरेल काय असे जिला विचारले, तिची कला आम्ही स्वतःच फुकट घेतली होती. प्रश्न विचारणारे आम्ही, आणि त्याचे उत्तर 'नाही' असे ठरविणारेही आम्हीच. या लेखात आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. कलेने पोट भरते की नाही हे कलावंताच्या हस्तरेषांत लिहिलेले नसते. ते गिऱ्हाइकाच्या खतावणीत लिहिलेले असते. आणि बंधूंनो, आपल्या गावागावांत ते गिऱ्हाईक बहुतांशी आपणच आहोत.

आपण 'पोट भरेल काय' असे विचारतो यात गैर काही नाही. प्रपंच करणाऱ्याने तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पण कला ही पोटाच्या विचारापलीकडची, कोठेतरी देवघरात ठेवावयाची वस्तू आहे, असे जे आपण धरून चालतो त्याला आपल्या परंपरेत आधार नाही. भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकविली असे आपण लहानपणापासून ऐकतो : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. वाणिज्य आणि शिल्प ही दोन्ही एकाच मालिकेत आहेत, आणि ती उपजीविकेची मालिका आहे. त्याच भगवंतांनी ब्राह्मी व सुंदरी या आपल्या कन्यांना अनुक्रमे अक्षरे आणि अंक शिकविले. अक्षर आणि अंक या सख्ख्या बहिणी ठरल्या. आपण मात्र अंक तेवढे पेढीवर ठेवून घेतले आणि अक्षरांना परक्या घरी लावून दिले.

आमच्या बेळगावपासून फार दूर नसलेल्या मुधोळच्या परिसरात, बांगड्यांचा व्यापार करणाऱ्या एका जैन घरात, दहाव्या शतकात एक मुलगा जन्मला. बांगड्यांच्या धंद्यात त्याचे मन रमले नाही. तो विद्येच्या मागे लागला आणि पुढे कन्नड साहित्यात महाकवी रन्न म्हणून अमर झाला. त्याला चामुंडरायाचा आणि दानचिंतामणी अत्तिमब्बेचा आश्रय मिळाला. इ. स. ९९३ मधले त्याचे अजितपुराण हे अत्तिमब्बेच्या आश्रयाचे फळ होय. रन्नाने आपल्या कन्येचे नाव अत्तिमब्बे ठेवले असे सांगतात. त्या माउलीने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, ही गोष्ट तर आपल्या प्रवचनांतून नेहमी येते. शास्त्रदानाचे उदाहरण म्हणून ती आपण ऐकतो आणि हात जोडतो. आम्ही धान्याचे व्यापारी. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हजार प्रती म्हणजे किती ताडपत्रे, किती लेखणी चालविणारे हात, किती महिने! तेवढे दिवस त्या हातांच्या घरी चूल पेटत होती म्हणून तर ते ग्रंथ लिहून झाले. आहारदान आणि शास्त्रदान यांची नावे वेगळी असली तरी ही दोन्ही दाने लेखनिकाच्या घरी एकाच दारातून आत जातात.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वरांच्या चरणांपाशी मराठी अक्षरांत जो लेख आहे तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. चामुंडरायाने 'करवियलें', म्हणजे करवून घेतले, असे तेथे म्हटले आहे. करवून घेणाऱ्याचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. त्याच्यावाचून ५७ फुटांची ती मूर्ती उभी राहिली नसती. पण ज्या हातांनी छिन्नी धरली त्यांचे नाव त्या ओळीत नाही. आजही आपण धर्मशाळेच्या फरशीवर देणगीदारांची नावे कोरतो आणि कोरणाऱ्याची मजुरी कमी करण्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो.

येथे कोणी म्हणेल, "पुराणकाळच्या गोष्टी पुरे, आजच्या जगात कला आणि धंदा यांचे जमते काय?" यावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली मराठी मुलखातली तीन उदाहरणे सांगतो.

पहिले बालगंधर्वांचे. त्यांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. गाणे असे की माणसे गावोगावाहून बैलगाड्या जोडून येत. नाटकगृहे भरत होती, पैसा येत होता. पण खऱ्या भरजरी शालूंना, गालिच्यांना आणि अत्तरांना जो खर्च होई त्याला बांध नव्हता. कंपनी कर्जात बुडाली, आणि एवढा थोर कलावंत उतारवयात विपन्नावस्थेत गेला. कलेला तोटा नव्हता आणि गिऱ्हाइकालाही नव्हता. तेथे तोटा होता तो खतावणीचा.

दुसरे कोल्हापूरचे. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर या चार कलावंतांनी प्रभात फिल्म कंपनी काढली तेव्हा त्यांच्याजवळ कसब होते, भांडवल नव्हते. पाचवे भागीदार झाले ते सीतारामपंत कुलकर्णी, कोल्हापुरातले एक सराफ. ज्या चित्रपटाच्या धंद्याला त्या वेळी प्रतिष्ठित माणसे नाके मुरडीत, त्यात एका सराफाने पैसा घातला. पुढे कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, १९३६ चा 'संत तुकाराम' निघाला आणि १९३७ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. आपल्या व्यापारी वर्गाला याहून चांगला धडा कोणता? सराफाने चित्र काढले नाही, आणि चित्रकारांना सराफी करावी लागली नाही. ज्याचे त्याने केले, आणि नफ्यातोट्यात सगळे भागीदार राहिले.

तिसरे आमच्या बेळगावचे. चित्रकार रवी परांजपे १९३५ साली येथे जन्मले आणि येथेच के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली शिकले. पुढे त्यांनी जाहिरातींसाठी चित्रे काढली, इमारती बांधण्यापूर्वी त्या कशा दिसतील हे दाखविणारी वास्तुचित्रे काढली, आणि त्यावर चरितार्थ चालवून स्वतःच्या मनातली चित्रेही रंगविली. २०२२ मध्ये ते निवर्तले तेव्हा महाराष्ट्राने एक मोठा चित्रकार गेला म्हणून हळहळ व्यक्त केली. बाजारासाठी काढलेल्या चित्राने त्यांची कला बाटली नाही. हाताला रोज काम मिळत गेले, म्हणून हात तयार राहिला.

या तीन उदाहरणांवरून आम्ही जो हिशेब मांडतो त्याला दोन बाजू आहेत : एक आपली, देणाऱ्याची, दुसरी कलावंताची.

आपली बाजू आधी. यार्डात माल उतरला की आपण पोत्यात परखी घालून नमुना पाहतो, भाव ठरवितो, तोल करतो आणि हमालाची हमाली त्याच दिवशी चुकती करतो. हमाली थकविणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव बाजारात कसे घेतले जाते हे आम्ही सांगावयास नको. मग हीच रीत चित्र काढणाऱ्याला, गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला का नाही? आपण म्हणतो, "घरचेच काम आहे", "तुझे नाव होईल", "पुढच्या वेळी पाहू". गव्हाच्या व्यापाऱ्याला कोणी "पन्नास पोती फुकट द्या, तुमच्या गव्हाचे नाव होईल" असे म्हटले तर तो काय करील?

म्हणून आमची सूचना अशी. काम सांगतानाच भाव ठरवावा व तो कागदावर लिहावा. निम्मी रक्कम विसार म्हणून आधी द्यावी, उरलेली काम हाती येताच द्यावी. किती वेळा बदल करून मागणार तेही आधीच बोलावे. आणि जेथे शक्य असेल तेथे कलावंताचे नाव छापावे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. धान्य एकदाच खाल्ले जाते. चित्र आणि गाणे पुनःपुन्हा वापरले जाते. ते पेरणीच्या बियाण्यासारखे आहे. एका पत्रिकेसाठी घेतलेली वेल उद्या दुकानाच्या पिशवीवर छापावयाची तर पुन्हा विचारले पाहिजे. कायदाही याची दखल घेतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या कृतीवरचा हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यांच्या पश्चात ६० वर्षे चालतो. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. किती मुदतीसाठी ते लिहिले नसेल तर ५ वर्षांपुरताच दिला असे मानतात. पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा किंवा छायाचित्राचा हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जातो. तेव्हा दोन्ही पक्षांनी चार ओळींचा करार करावा हे बरे. चित्रपटगीतांचे कवी व संगीतकार यांना पुढच्या वापरातला वाटा मिळावा अशी दुरुस्ती या कायद्यात २०१२ साली झाली. तोवर कित्येकांनी आपली गाणी एकरकमी विकून टाकली होती. पीक दुसऱ्याने घेतले आणि बियाणे ज्याचे तो रिकामा राहिला.

आता घरातली गोष्ट. मुलाला दुकान घालून देताना आपण काय करतो? भांडवल देतो, ओळखी देतो, आणि पहिली तीन वर्षे नफा घरी नेऊ नकोस, धंद्यातच राहू दे, असे सांगतो. पहिल्या वर्षी तोटा आला तर म्हणतो, "धंदा आहे, बसेल हळूहळू." हेच मूल चित्रकला वा संगीत घेऊन उभे राहिले की आपण सहा महिन्यांत ताळेबंद मागतो. दुकानाला जी तीन वर्षे दिली तेवढीच कलेला द्यावीत, एवढेच आमचे मागणे आहे. आणि त्याही आधी, मूल लहान असताना, त्याला चांगला शिक्षक, बरे साहित्य आणि आठवड्यातून दोन मोकळ्या दुपारी द्याव्यात. आमच्या मातोश्रींना रांगोळीचा क्लास कोणी लावला नव्हता. पण श्रावणात पहाटे अंगण त्यांचे असे, आणि ती वेळ त्यांच्याकडून कोणी काढून घेत नसे.

कलावंताची बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. कला आहे म्हणून खडे असलेला माल खपवून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. सांगितलेल्या तारखेला काम देणे, माप पुरे देणे, दिलेला शब्द पाळणे हे कलावंतालाही चुकत नाही. त्याने स्वतःची वही ठेवावी. रंगाला, कागदाला, प्रवासाला किती गेले आणि हाती किती आले हे त्याला तोंडपाठ असावे. पावती द्यावी. नातलगांच्या उधारीला मर्यादा घालावी. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे तोवर सेवा देणाऱ्याला जी. एस. टी. नोंदणीची सामान्यतः सक्ती नाही, एवढी माहिती तरी त्याला असावी. हे सारे आपल्या घरांत जेवताजेवता शिकावयास मिळते. व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला कलावंत हा धंद्याला मुकलेला मुलगा नव्हे. बालगंधर्वांना जे लाभले नाही ते त्याला आजोबांच्या मांडीवर मिळालेले असते. ज्या घरात दोन वेळची भ्रांत आहे तेथील मुलाने हातची नोकरी सोडून कलेच्या मागे धावावे असेही आम्ही सांगणार नाही. नोकरी करावी, सायंकाळ राखावी आणि कलेचे उत्पन्न नोकरीच्या जवळ आले म्हणजे मग पाऊल उचलावे. नवा धंदाही शहाणा माणूस असाच सुरू करतो.

अलीकडे एक नवा प्रश्न निघाला आहे. आमचे नातूच आम्हांस म्हणाले, "आजोबा, आता संगणकाला सांगितले की तो क्षणात चित्र काढून देतो. मग चित्रकाराला पैसे कशाला?" त्यांनी एक पत्रिका काढूनही दाखविली. सुबक होती. मोर होते, कलश होता, कमळे होती. आम्ही त्यांना विचारले, "यात पणजीची वेल कोठे आहे?" नातू निरुत्तर झाले. सामान्य काम यंत्र स्वस्तात करील, आणि त्यामुळे काहींची रोजीही जाईल, हे आम्हांला दिसते. आम्ही त्याकडे डोळेझाक करीत नाही. परंतु घरी येऊन, जुनी वही उघडून, ठिपके मोजणारे माणूस ज्याला हवे असेल त्याला त्याची किंमत मोजावीच लागेल. ते माणूस हयात राहावे अशी इच्छा असेल तर ती आजच मोजली पाहिजे.

शेवटी आमच्या चुकीचे आम्ही काय केले ते सांगणे प्राप्त आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही छापखान्यात जाऊन अशा कामाचा चालू भाव विचारला. ७,५०० रुपयांचा धनादेश आणि एक चिठ्ठी घेऊन स्नेह्यांच्या घरी गेलो. मुलीला म्हटले, "बाळ, ही बक्षिसी नव्हे. हे आमच्याकडचे थकलेले देणे आहे. काल आम्ही तुला जो प्रश्न विचारला तो विचारण्याचा आम्हांला अधिकार नव्हता." तिच्या वडिलांना संकोच वाटला, ते म्हणू लागले, "अण्णा, घरचेच काम होते." आम्ही म्हटले, "तुमच्या गुळाची ढेप आम्ही कधी घरची म्हणून नेली काय?" यावर ते हसले आणि गप्प राहिले.

आठ दिवसांनी मुलगी पेढीवर आली. हातात नवे कोरे पावतीपुस्तक होते. तिने रक्कम अंकी व अक्षरी लिहिली, रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही केली आणि पावती फाडून आमच्या हाती दिली. "काका, हिशेबाला लागेल तुम्हांला," एवढेच म्हणाली. पावती क्रमांक १ असा आहे. लग्नखर्चाच्या वहीत आम्ही ती चिकटविली असून 'चित्र' या नावे एक ओळ वाढविली आहे. ती यंदा चित्रकलेच्या महाविद्यालयात दाखल झाली. तिला तीन वर्षे द्यावयाची असे तिच्या वडिलांनी ठरविले आहे. तिचे पुढे काय होईल ते आम्हांला ठाऊक नाही. दुकानाचेही आधी कोणाला ठाऊक असते?

सभासद बंधूंना आमची नम्र विनंती एवढीच आहे की येत्या पाडव्याला नव्या वह्यांचे पूजन कराल तेव्हा जुन्या वहीतले एक पान उलटून पाहावे. पत्रिका कोणी काढली, मुलीच्या लग्नात कोण गायिले, पेढीच्या पाटीवरची अक्षरे कोणाच्या हातची, वडिलांच्या षष्ट्यब्दीचे मानपत्र कोणी लिहून दिले, हे आठवावे. ज्यांचे देणे राहिले असेल ते द्यावे. आपल्या मंडळानेही या स्मरणिकेच्या मुखपृष्ठापासून सुरुवात करावी. चित्रकाराचे मानधन खर्चात आणि नाव आतील पानावर यावे, असा ठराव आम्ही पुढील वार्षिक सभेत मांडणार आहोत. त्यास आपण सर्वांनी अनुमोदन द्यावे. ज्या बाजारात आपली पत आहे, तेथे आपल्याच गावच्या कलावंताची बाकी आपल्या नावे निघू नये.